दुःख होणं वेगळं, दुःखात अडकणं वेगळं

१० ऑक्टोबर जवळ आला की सगळीकडून एकच सल्ला ऐकू येतो: मानसिक आरोग्य जपा. १९९२ पासून हा दिवस जागतिक मानसिक आरोग्य दिन म्हणून पाळला जातो. सल्ला चांगलाच आहे, पण जपायचं म्हणजे सकाळी उठल्यापासून नेमकं काय करायचं, हे फारसं कुणी सांगत नाही. 'मन आनंदी ठेवा' इथवर येऊन बहुतेक जण थांबतात. मग ज्याचं मन आनंदी राहत नाही त्याला वाटायला लागतं, आपल्यातच काहीतरी खोट आहे. मूळच्या दुःखावर हा आणखी एक बोजा. हा बोजा बिनकामाचा आहे, म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच करू.

निरोगी मन म्हणजे सतत आनंदी मन नव्हे

जागतिक आरोग्य संघटना मानसिक आरोग्याची व्याख्या साधारण अशी करते: आयुष्यातले ताण पेलता येणं, आपल्यातल्या क्षमता ओळखता येणं, नीट शिकता आणि काम करता येणं, आणि आपल्या समाजाला काही देता येणं. यात आनंदी असण्याची अट कुठेच नाही. जवळचं माणूस गेल्यावर रडणारा, परीक्षेच्या आदल्या रात्री घाबरलेला, अपमान झाल्यावर संतापलेला माणूस या व्याख्येत निरोगीच ठरतो.

कारण भावनांना कामं नेमून दिलेली आहेत. भीती धोक्याकडे लक्ष वेधते, राग अन्यायाकडे. दुःख आपल्याला थांबवतं, आपण काय गमावलं ते कळायला वेळ देतं आणि इतरांना जवळ बोलावतं. वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने १९१५ च्या सुमारास दाखवून दिलं, की धोका जाणवला की शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होतं. ॲड्रिनलिन वाढतं, छाती धडधडते, श्वास जलद होतो, पचन मंदावतं. धोका टळला की हे सगळं हळूहळू पूर्ववत होतं. व्यवस्था उत्तम आहे, फक्त तिची एक अडचण आहे. समोर उभा असलेला धोका आणि डोक्यात आठवलेला धोका, दोन्हींना शरीर बरंचसं सारखंच उत्तर देतं. अपमान एकदा होतो, पण तो पन्नास वेळा आठवला तर शरीरही पन्नास वेळा सज्ज होतं.

मला या लेखात खरं तर एवढंच सांगायचं आहे. कोणती भावना आली यावरून मनाची प्रकृती ठरत नाही. ती आल्यावर पुढे ओसरली की अडकली, यावरून ठरते.

अडकते म्हणजे नेमकं काय होतं?

रात्रीचे तीन वाजलेत. दुपारी मीटिंगमध्ये साहेब म्हणाले होते, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." तेव्हा वाईट वाटलं होतं, पण काम उरकलं, घरी आलो, झोपलो. आता जाग आलीय आणि ते वाक्य कानात वाजतंय. असं का म्हणाले? सगळ्यांसमोर का म्हणाले? मी असाच आहे का? शाळेतही असंच झालं होतं. नोकरी गेली तर? साडेतीनपर्यंत एका वाक्यातून अख्ख्या आयुष्याचा निकाल लागलेला असतो. आणि गंमत अशी, की त्या माणसाला मनापासून वाटत असतं, आपण प्रश्न सोडवतोय.

यालाच विचारांचं रवंथ म्हणतात. सुझन नोलेन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञाने त्याचा फार बारकाईने अभ्यास केला. त्यांना एक विलक्षण संधी मिळाली. १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांची मनःस्थिती आणि दुःख हाताळायची पद्धत मोजून ठेवली होती. त्यानंतर दोन आठवड्यांत त्या भागात लोमा प्रिएटाचा मोठा भूकंप झाला. तेच विद्यार्थी पुन्हा तपासले, तेव्हा दिसलं की ज्यांना आधीपासून तेच तेच घोळवत बसायची सवय होती, त्यांच्यात आठवडे उलटल्यावरही नैराश्याची लक्षणं जास्त होती. त्यांची आधीची मनःस्थिती हिशेबात धरूनही हा फरक उरला.

गाडीचं चाक चिखलात रुतलं की घाबरून ॲक्सिलरेटर दाबला जातो. इंजिन गरजतं, चिखल उडतो, काहीतरी जोरात चाललंय असं वाटतं आणि चाक आणखी खोल जातं. रात्री तीनचा विचार असाच असतो.

रुतायच्या आणखी दोन वाटा आहेत. एक म्हणजे भावना दाबून टाकणं. १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर यांनी प्रयोगात भाग घेतलेल्यांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका आणि आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजत राहिल्या. 'विचारच करू नकोस' हा सल्ला प्रेमाने दिलेला असला तरी पाळता येण्यासारखा नाही.

दुसरी वाट टाळण्याची, आणि मला ती जास्त धोक्याची वाटते, कारण ती लगेच फळ देते. एक फोन करायचाय, पण भीती वाटते. उद्या करू म्हटलं की त्या क्षणी हायसं वाटतं. मेंदू धडा शिकतो: टाळलं की बरं वाटतं. उद्या तोच फोन जास्त जड होतो. महिनाभरात अनोळखी नंबर दिसला तरी मोबाइल पालथा ठेवला जातो, मग ओळखीचा दिसला तरी. आयुष्य असं एकेका फोनने आक्रसत जातं.

दुःख कधी आजार होतं?

नैराश्य, म्हणजे डॉक्टर ज्याला डिप्रेशन म्हणतात, त्याचं निदान 'फार वाईट वाटतंय' एवढ्यावर होत नाही. सर्वसाधारण वापरातल्या निकषांप्रमाणे नऊपैकी किमान पाच लक्षणं, जवळपास रोज, किमान दोन आठवडे दिसावी लागतात. त्यात उदास वाटणं आणि कशातच रस न उरणं यापैकी एक तरी असावंच लागतं. बाकीची सात अशी: झोप कमी किंवा जास्त होणं, भूक किंवा वजन बदलणं, सतत थकवा, हालचाल मंदावणं किंवा अस्वस्थ येरझाऱ्या, लक्ष न लागणं, आपण कवडीमोल आहोत असं वाटणं किंवा अवास्तव अपराधीपणा, आणि मृत्यूचे विचार. शिवाय रोजच्या जगण्यात अडथळा यायला हवा.

रस न उरणं हे लक्षण लोकांच्या ध्यानात येत नाही. माणूस रडत नसतो. तो फक्त गाणी ऐकायचं सोडतो, मित्रांच्या विनोदावर हसायचं सोडतो, आंघोळीला टाळाटाळ करतो. घरचे म्हणतात, आळशी झालाय. काहींचं नैराश्य तर शरीराच्याच भाषेत बोलतं: डोकं दुखतं, पाठ धरते, पोट बिघडतं. मुलांमध्ये ते चिडचिडीच्या रूपात दिसू शकतं. उलटही होतं. थायरॉइड मंदावलं, रक्त कमी झालं किंवा बी-१२ घटलं तरी अशीच मरगळ येते. म्हणून पहिल्या भेटीत डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं, तर ते आपलं म्हणणं उडवून लावताहेत असं समजू नये.

चिंताविकारात मन भविष्यात रुततं. काहींना अचानक पॅनिक अटॅक येतो: छातीत धडधड, श्वास अडकल्यासारखा, हातांना मुंग्या, 'आता मी मरणार' अशी खात्री. पहिल्यांदा असं झालं तर हृदय तपासून घ्यावंच. ते ठणठणीत निघालं, तर त्याचा अर्थ 'तुला काही झालेलं नाही' असा होत नाही. झालंय, फक्त त्यावरचे उपचार वेगळे आहेत आणि ते चांगले लागू पडतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे २८ कोटी लोकांना नैराश्य होतं आणि ३० कोटींना चिंताविकार. स्किझोफ्रेनिया (ज्यात भास-भ्रम होतात) आणि बायपोलर (ज्यात मन कधी टोकाच्या उत्साहात, कधी टोकाच्या उदासीत जातं) हे आजार वेगळे. त्यात डॉक्टरांच्या औषधांना पर्याय आहे असं समजू नये आणि या लेखातल्या युक्त्यांवर विसंबू नये.

चाक बाहेर काढायचं कसं?

आपण सगळे एका क्रमावर विश्वास ठेवून असतो: आधी बरं वाटेल, मग मी कामाला लागेन. नैराश्यात हाच क्रम माणसाला अडकवतो. बरं वाटत नाही म्हणून काही करत नाही, काही करत नाही म्हणून चांगलं वाटेल असं काही घडतच नाही. नील जेकबसन यांनी १९९६ मध्ये एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. विचार आणि वर्तन दोन्ही बदलणारी सीबीटी नावाची उपचारपद्धती नैराश्यावर उपयोगी पडते, हे तेव्हा माहीत होतं. त्यांनी तिचे भाग सुटे करून पाहिले. विचारांना हात न लावता फक्त कृती वाढवल्या, तरी रुग्ण पूर्ण उपचाराइतकेच सुधारले. पुढच्या अभ्यासांतही ही पद्धत टिकली.

ती करतात अशी. पहिला आठवडा फक्त नोंद. कोणत्या वेळी काय केलं आणि तेव्हा कसं वाटलं, दहापैकी किती. दिवसभर सगळं सारखंच वाईट आहे असं वाटणाऱ्या माणसालाही वहीत दिसतं, की अंथरुणात मोबाइल चाळताना दोन होते आणि भाचीशी बोलताना चार. त्या चारच्या बाजूची एक लहानशी कृती उचलायची. तिला वार आणि वेळ द्यायची. 'व्यायाम सुरू करेन' ही कृती नव्हे. 'मंगळवारी सकाळी साडेआठला चपला घालून कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येईन' ही कृती. इच्छा असो-नसो, घड्याळ सांगेल तेव्हा ती करायची आणि नंतर आकडा लिहायचा. पहिल्या दिवशी आकडा हलणारही नाही. तेव्हा अंतर आणखी कमी करायचं, पण वेळ मोडायची नाही. आंघोळ जड वाटत असेल तर नुसतं तोंड धुणं हीसुद्धा मंगळवारची कृती होऊ शकते, आणि त्यात लाजण्यासारखं काहीच नाही.

रवंथासाठी एक जुनी, साधी युक्ती आहे. १९८३ च्या सुमारास थॉमस बोरकोव्हेक आणि सहकाऱ्यांनी ती तपासली. काळजी करायला रोज अर्ध्या तासाची ठरावीक वेळ आणि ठरावीक जागा द्यायची. दिवसभरात काळजी आली की एका ओळीत टिपून ठेवायची आणि तिला संध्याकाळची वेळ द्यायची. काळजी दाबायची नाही, पुढे ढकलायची. संध्याकाळी यादी उघडली की तिच्यातल्या निम्म्या ओळी शिळ्या झालेल्या दिसतात. उरलेल्यांसाठी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: यावर उद्या मी करू शकेन अशी एखादी गोष्ट आहे का?

भावनेला नेमकं नाव देण्याचाही उपयोग होतो. २००७ मध्ये मॅथ्यू लीबरमन यांच्या गटाने मेंदूच्या प्रतिमा घेतल्या, तेव्हा रागावलेल्या किंवा घाबरलेल्या चेहऱ्यांना शब्दांत नाव देताना ॲमिग्डला हा धोका टिपणारा भाग शांत होताना दिसला. 'मूड खराब आहे' म्हणण्याऐवजी 'मला डावललं गेल्यासारखं वाटतंय' असं म्हणून पाहा. निदान पुढे कुणाशी काय बोलायचं, ते तरी कळतं.

झोपेविषयी थोडं. ज्यांना निद्रानाश आहे त्यांना पुढे नैराश्य येण्याचा धोका साधारण दुप्पट असतो. उठायची वेळ रोज एकच ठेवा, सुट्टीच्या दिवशीही. अंथरुणात बराच वेळ झोप लागत नसेल तर उठून मंद उजेडात बसा आणि डोळे जड झाले की परत या. रात्री तीनच्या विचारांनाही हाच नियम. दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती मोडते, म्हणून झोपेसाठी दारू हा उपाय नव्हे.

"पूर्वी असली थेरं नव्हती"

थेरं नव्हती, पण आजार होता. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वीच्या ग्रीक वैद्यकात दीर्घकाळ टिकणाऱ्या भीती आणि उदासीचं वर्णन आहे. पण घरोघरी त्याचं नाव माहीत नव्हतं म्हणून माणसं 'तऱ्हेवाईक' ठरली, 'बाहेरची बाधा' ठरली, काही घर सोडून गेली, काहींनी जीव दिला आणि घराने कारण वेगळंच सांगितलं.

या आक्षेपातला एक भाग मात्र मला पटतो. प्रत्येक उदास संध्याकाळीला डिप्रेशन म्हणणं बरं नव्हे. ब्रेकअपनंतर महिनाभर मन लागत नाही, पण काम चालू आहे, मित्रांत हसू येतं, हळूहळू उतार पडतोय. हा आजार नाही, ही ओसरणारी भावना आहे. तिला वेळ आणि माणसं पुरतात. आजाराचं नाव सरसकट वापरलं, की ज्याला खरोखर आजार आहे त्याचं म्हणणं कुणी मनावर घेत नाही.

"नुसतं बोलून काय होणार?"

नुसतं बोलून कधी कधी रवंथच वाढतं, हे खरं आहे. पण उपचारातलं बोलणं वेगळ्या घाटाचं असतं. झिम्बाब्वेत मानसोपचारतज्ज्ञ अगदी मोजके होते. तिथले डॉ. डिक्सन चिबांडा यांनी वस्तीतल्या आज्यांना प्रशिक्षण दिलं आणि दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक टाकले. आजी ऐकते, मग विचारते: यातली एक अडचण निवडू या, कोणती? तिच्यावर काय काय करता येईल? त्यातलं या आठवड्यात काय करशील? पुढच्या भेटीत ती त्याचा हिशेब घेते. २०१६ मध्ये या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनी बाकावर बसलेल्यांपैकी सुमारे १४ टक्क्यांत नैराश्याची लक्षणं उरली होती, नेहमीच्या पद्धतीने काळजी घेतलेल्यांत सुमारे ५० टक्क्यांत. म्हणजे बोलण्याने काम होतं, ते पुढच्या पावलापर्यंत नेलं तर.

समुपदेशक आणि मानसशास्त्रज्ञ बोलण्यातून उपचार करतात. मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात, ते औषधं देतात. कुणाकडे जावं कळत नसेल तर नेहमीच्या डॉक्टरांपासून सुरुवात केली तरी चालते. तीन-चार भेटींनंतरही समोरच्याशी सूर जुळला नाही, तर माणूस बदलावा. उपचार सोडू नयेत.

"गोळ्यांची सवय लागते"

इथे दोन वेगळ्या औषधांची गल्लत होते. झोपेसाठी किंवा घबराट तात्पुरती कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या बेंझोडायझेपिन गटातल्या गोळ्यांची सवय काही आठवड्यांतही लागू शकते. म्हणून त्या थोड्या काळापुरत्याच आणि देखरेखीखाली घ्यायच्या असतात. नैराश्यावरच्या गोळ्या वेगळ्या. त्यांची तलफ येत नाही, डोस वाढवत न्यावा असं वाटत नाही. पण त्या एकदम बंद केल्या तर चक्कर, अस्वस्थता, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होऊ शकतं. म्हणून त्या पायरीपायरीने कमी करतात, आणि काहींना त्याला महिने लागतात. हे आधीच सांगितलं गेलं पाहिजे. अनेकदा सांगितलं जात नाही, आणि मग लोकांना वाटतं आपल्याला सवय लागली.

दुसरी गोष्ट वेळेची. दुष्परिणाम पहिल्या काही दिवसांत येतात: मळमळ, डोकेदुखी, झोपेत बदल. गुण मात्र यायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. या मधल्या काळात फक्त त्रासच दिसतो, आणि गोळी कचऱ्यात जाते ती इथेच. पहिल्याच औषधाने पूर्ण बरं वाटणारे साधारण एकतृतीयांश असतात. बाकीच्यांना डोस बदलावा लागतो, औषध बदलावं लागतं किंवा बोलण्याची जोड द्यावी लागते. पंचविशीच्या आतल्यांमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढत नाहीत ना, याकडे घरच्यांनी लक्ष ठेवायचं असतं. बरं वाटल्यावरही गोळी निदान सहा महिने चालू ठेवतात, नाहीतर आजार उलटतो.

'मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन कमी पडतं म्हणून नैराश्य येतं' हे स्पष्टीकरण आता फार ढोबळ मानलं जातं. औषधं अनेकांना उपयोगी पडतात, पण ती नेमकी कशी काम करतात याचं चित्र त्याहून गुंतागुंतीचं आहे. सौम्य नैराश्यात बऱ्याचदा गोळ्यांविना भागतं. आजार जितका तीव्र, तितका गोळ्यांचा फायदा स्पष्ट.

"विचारलं तर तेच डोक्यात भरेल"

आत्महत्येबद्दल विचारलं तर विचार नसलेल्याच्याही डोक्यात भरेल, ही भीती मी सगळ्यात जास्त ऐकते. ती निराधार आहे. यावर झालेल्या अभ्यासांत विचारल्याने धोका वाढलेला दिसत नाही. उलट कुणीतरी विचारलं, याने अनेकांना सुटल्यासारखं होतं. म्हणून शंका आली तर आडून विचारू नका. "तुला जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ, शांतपणे विचारा. उत्तर हो आलं तर वाद घालू नका, शपथा घालू नका. कसं आणि कधी, असं काही ठरवलंय का ते विचारा. ठरवलं असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नका, घरातली औषधं, कीटकनाशकं, धोक्याच्या वस्तू त्याच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे किंवा रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. हेल्पलाइनला फोन तुम्हीही करू शकता, तो फक्त त्या माणसानेच करायचा असतो असं नाही. आणि हे वाचताना हे विचार तुमचेच आहेत असं लक्षात आलं, तर घरातल्या किंवा जवळच्या एका माणसाला आजच सांगा. "मला एकटं राहायची भीती वाटतेय" एवढं वाक्य पुरेसं आहे.

धोका इतका तातडीचा नसेल, माणूस नुसता मिटत चालला असेल, तर 'काही लागलं तर सांग' म्हणू नका. काय लागतंय ते शोधून सांगण्याचीच ताकद त्याच्याकडे नसते. "मी पाच वाजता येते, दोघी कोपऱ्यापर्यंत चालून येऊ" असं म्हणा. नाही म्हणाली तर रागावू नका, गुरुवारी पुन्हा विचारा. डॉक्टरांची वेळ तुम्हीच घ्या, तिथे सोबत जा, आणि आत सांगायला सुचत नाही म्हणून लक्षणं आधी कागदावर लिहून न्या. रुग्णालयातून घरी आलेल्या माणसाच्या बाबतीत पहिले काही आठवडे सगळ्यात नाजूक असतात. सगळ्यांना वाटतं आता सुटलो, आणि नेमका तेव्हाच धोका जास्त असतो. पुढच्या भेटीची तारीख घरी येण्याआधीच ठरवून घ्या, आणि त्या दिवशी सोबत कोण जाणार तेही.